टाकीतले झेंडू

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी स्वतःला फार गुणी रंगवलं. आमच्या प्रयोगशाळेत मला तोंडावर 'अक्का' म्हणत आणि पाठ वळली की 'मिरची'. मला दोन्ही ऐकू येत असे. माझे कान तेव्हा फार तिखट होते, आणि ही सगळी हकीकत त्या कानांवरच उभी आहे.

साठच्या दशकाची सुरुवात होती. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बसथांब्यापासून दहा मिनिटं चाललं की वर्कशॉपांची एक गल्ली लागे. तिच्या टोकाला सपाट गच्चीची एक लांबट इमारत होती. छावणीतल्या गोऱ्या साहेबांचे घोडे पूर्वी तिथे बांधत. साहेब गेले, घोडे गेले, आणि कॉलेजातून निवृत्त झालेल्या आमच्या सरांनी तिथे प्रयोगशाळा थाटली. विजेची बटणं ज्या काळ्या, कडक पदार्थाची असतात त्याची राळ इथे, आपल्या हातांनी बनवायची, हा त्यांचा ध्यास होता. परदेशी माल मिळेनासा झाला होता आणि शहरात कारखाने तर भराभर उभे राहत होते.

आम्ही चौघं होतो. सर आमच्यासारख्याच जुन्या मराठी घराण्यातले, तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन इथलेच झालेले. त्यांचं मराठी वाटेत कन्नडला भेटून मगच तोंडातून बाहेर पडे. डाव्या कानाने त्यांना मुळीच ऐकू येत नसे आणि उजव्याने त्यांना हवं तेवढंच. दुसरा माझा सहकारी, बेळगावकडचा, हुशार, थट्टेखोर, हाताला घाई असलेला. तिसरे मेस्त्री. नळ, मोटार, पट्टा, जे काही फिरतं किंवा वाहतं ते त्यांच्या ताब्यात. ते कन्नडच बोलत, पण माझ्याशी बोलताना दयेपोटी चार मराठी शब्द टाकत. आणि चौथी मी, रसायनशास्त्राची पदवी घेतलेली आणि वही सांभाळणारी.

त्या वहीबद्दल सांगायलाच हवं. प्रत्येक प्रयोगाचं एक पान, सगळं इंग्रजीत. त्यावर तारीख, वजनं, तापमान, आणि उजवीकडे वर एक रकाना: 'हंड्यावर कोण'. दोन वर्षं त्या रकान्यात मी माझ्या सुरेख अक्षरात दुसऱ्याचं नाव लिहीत होते. काचेच्या चंबूत छोटी राळ मी कितीतरी वेळा केली होती, अगदी मधाच्या रंगाची. पण मोठ्या हंड्यापाशी उभं राहायची वेळ आली की सर म्हणत, "तू लिही गं, तुझं अक्षर बरं आहे." माझ्या अक्षराचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

हंडा म्हणजे आतून मुलामा दिलेलं, दुहेरी भिंतीचं लोखंडी भांडं. वर झाकण, झाकणातून आत जाणारी रवी, ती मोटारीवर फिरणारी. आत कार्बॉलिक आम्ल आणि फॉर्मलिन घालायचं, थोडं दुसरं आम्ल टाकायचं आणि दुहेरी भिंतीतून वाफ सोडून तापवायचं. इथपर्यंत भात शिजवण्याइतकं सोपं. पण एका ठरावीक उष्णतेला ते मिश्रण पेट घेतं, म्हणजे जाळ होत नाही, पण ते आपलं आपण तापू लागतं. मग वाफ तोडायची आणि त्याच भिंतींतून गार पाणी खेळवायचं. गच्चीवरच्या टाकीतून ते पाणी येई, हंड्याला आणि झाकणावरच्या नळीला गार करून मागच्या मोरीत पडे. पाणी थांबलं तर मिश्रण उकळतं, फेसाळतं, आणि झाकणासकट जिथे वाट मिळेल तिथे जातं. कार्बॉलिक अंगावर उडालं तर कातडी सोलून निघते. आमच्या भिंतीला लागून शिंप्यांचं दुकान होतं, दिवसभर आठ-दहा माणसं मान खाली घालून शिवत बसलेली.

त्या वर्षी बटणांच्या एका कारखान्यातला माणूस दसऱ्यानंतर आमची राळ बघायला येणार होता. सरांनी मला बोलावलं. मी तोवर भांडून भांडून त्यांचा उजवा कानही निकामी करत आणला होता.

"दसऱ्याचा हंडा तुझा," ते म्हणाले. "नीट उतरला तर पुढचे सगळे तुझेच. नाही उतरला तर वही आहेच."

मी घरी जाऊन आईला सांगितलं आणि आनंदाने रडले. त्यानंतर तयारीला अशी लागले की सगळ्यांना नकोसं करून सोडलं. हंडा दोन तृतीयांशच भरायचा, वर जागा राहू द्यायची, असं मी बजावलं. झाकणातल्या नरसाळ्यापाशी बर्फाच्या पाण्याचं एक पिंप हवं, वेळ आलीच तर आत ओतायला, असंही. बर्फ मी मासळीबाजारातून भुशात गुंडाळून आणवला. आईला हे कळलं असतं तर तिने मला दारातच आंघोळ घातली असती.

"काय ओ अक्का," बेळगावकर म्हणाला, "सरबत करणार हाय काय?"

"हो," मी म्हटलं, "आणि तुम्हाला देणार नाही."

मग आली नवमी, आयुधपूजा. बंगळुरात त्या दिवशी सायकलीपासून सुईपर्यंत सगळ्यांची पूजा होते आणि कुठलंही हत्यार हातात घ्यायचं नसतं. दशमीला ती पुन्हा उचलायची. मेस्त्रींनी प्रयोगशाळा धुऊन लख्ख केली, दाराला केळीचे खांब बांधले, गच्चीच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. तेही तांब्याच्या तारेने! चांगली तार वाया घालवली म्हणून मी त्यांना बोलले. ते "सरी अक्का" म्हणाले, बरं म्हणून, आणि तार तशीच ठेवली. मग त्यांनी हळद-कुंकू कालवून हंड्याला, मोटारीला, तापमापकाच्या तबकडीला आणि दाबाच्या काट्याच्या काचेला बोटबोटभर जाड टिळे लावले.

माझा पारा चढला. काटा दिसणार कसा? ओलं फडकं घेऊन मी एकेक टिळा पुसत सुटले. मोटारीला टांगलेलं लिंबू काढलं, रवीच्या दांड्यावरची फुलांची माळ काढली. "ही प्रयोगशाळा आहे, देवघर नाही," असं चारचौघांत म्हणाले. मेस्त्रींचं तोंड एवढंसं झालं. आज ते आठवलं की मला माझी लाज वाटते. तेव्हा मात्र मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

आता जे सांगायचं ते सांगते. सकाळी निघताना आईने माझ्या पिशवीत एक पुडी टाकली होती. आमच्या घरी नवमीला हत्यारांबरोबर पाण्याचीही पूजा असते. हंड्या-घागरींना हळद-कुंकू लावायचं आणि पाण्यात फुलं सोडायची. आई म्हणाली होती, "तुझ्या त्या हंड्याच्या पाण्यात पण स्वल्प फुलं टाक गं. पाण्यावाचून कुठलं यंत्र चालतं?" मी "बरं बरं" म्हटलं होतं. सगळे प्रसादाच्या चुरमुऱ्यांकडे वळले तेव्हा मी गुपचूप गच्चीवर गेले, टाकीचं झाकण सरकवलं आणि दोन मुठी झेंडू पाण्यात सोडले. मी हातही जोडले. म्हटलं, उद्या सांभाळ. दुसऱ्यांच्या टिळ्यांवर फडकं फिरवणारी मी, माझ्या आईची फुलं मात्र मला यंत्राबाहेरची वाटली. पाणी यंत्रातच जातं, हा विचार माझ्या पदवीधर डोक्यात आला नाही.

दशमीला सकाळी आठला आम्ही हंडा लावला. सर घड्याळ घेऊन खुर्चीत बसले. वही बेळगावकराकडे होती, आणि त्याचं अक्षर बघून मला आसुरी आनंद झाला. वाफ सोडली, तापमान चढत गेलं. ऐंशी, पंच्याऐंशी. मी वाफ तोडली, पाणी सोडलं. मागच्या मोरीत धार पडू लागली. तो आवाज मला पाठ होता. मिश्रणाने पेट घेतला आणि रवीचा सूर जड झाला. सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं होतं. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

आणि मोरी गप्प झाली.

आधी धार बारीक झाली, मग ठिबक, मग काहीच नाही. मोटारीच्या घरघरीत दुसऱ्या कुणाला ते कळलं नाही. मी मेस्त्रींना हाक मारली. ते मोरीकडे धावले आणि तिथूनच ओरडले, "अक्का, नीरु बर्ताइल्ला!" पाणी येत नव्हतं. काटा ब्याण्णवच्या पुढे सरकला होता.

"पंप बघा," सर म्हणाले.

"टाकी भरलेली हाय, सकाळी पंप लावून मी स्वतः भरली," बेळगावकर म्हणाला आणि नळाचा दांडा पिळू लागला. दांडा पूर्ण उघडाच होता.

त्या क्षणी मला कळलं. दोन मुठी झेंडू. रात्रभर पाण्यात भिजून पाकळ्या सुटल्या असणार, पाणी खाली उतरत गेलं तसा तो लगदा नळीच्या तोंडाशी येऊन बसला असणार. हंडा हातचा जाणार, हा विचारही मनात येऊन गेला, खोटं कशाला सांगू. पण काट्याने पंच्याण्णव गाठलं, झाकणाखालून पांढरी वाफ सुटली आणि दवाखान्यात येतो तो कार्बॉलिकचा वास नाकात झोंबला. मग बाकीचे विचार पळाले.

"तुम्ही बर्फाचं पाणी ओता," मी बेळगावकराला म्हणाले. "हळूहळू, एका धारेने. रवी बंद करायची नाही. तोंडाला ओलं फडकं बांधा. मेस्त्री, शेजारच्या शिंप्यांना बाहेर काढा, आणि सरांना पण."

"मी कुठेही जात नाही," सर म्हणाले. ते त्यांना बरोबर ऐकू आलं.

मी पदर खोचला, कासोटा मारला आणि लोखंडी जिन्यावरून गच्चीवर गेले. टाकीच्या काठावर पोटावर आडवी झाले. पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला तेव्हा हाताला तो लगदा लागला, मऊ, बुळबुळीत. ओंजळ काढली, दुसरी काढली. तरी खालून ओढ लागेना. पाकळ्या नळीत शिरल्या होत्या. बोट पोचत नव्हतं. खाली बेळगावकर आकडे ओरडत होता. अठ्ठ्याण्णव! शंभर! त्याचा आवाज घाबरलेला होता, पण त्याने जागा सोडली नव्हती. ओतलेल्या पाण्यामुळे काटा अडखळत होता, इतकंच. पिंप संपलं की तेही संपणार होतं.

मी इकडेतिकडे पाहिलं. गच्चीच्या दारावर मेस्त्रींचं तोरण होतं. मी ते ओरबाडून काढलं, पानं झटकली, तांब्याची तार सरळ केली, टोकाला आकडा वळवला आणि नळीत घातली. ओढली, एक पिवळा गोळा आला. पुन्हा घातली, आणखी एक. तिसऱ्यांदा तार कोपरावर अडली. मी देवाला, झेंडूला आणि स्वतःला, तिघांनाही शिव्या दिल्या आणि सगळा जोर लावून ओढलं. मुठीएवढा बोळा बाहेर आला. नळीने मोठा घोट घेतला, पाणी भोवऱ्यासारखं फिरलं, आणि मला ऐकू आलं. खाली, मागच्या बाजूला, मोरीत धार पडत होती.

असा सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

"शंभरावर थांबलाय!" बेळगावकर ओरडला. मग, "नव्व्याण्णव!" मग बराच वेळ काही नाही, आणि मग हसत, खोकत, "अक्का, उतरालाय ओ, उतरालाय!"

मी खाली आले तेव्हा शिंपी रस्त्यावर गोळा झाले होते. काहींच्या गळ्यात मोजपट्ट्या तशाच होत्या. बेळगावकराच्या मनगटावर वाफेने फोड आले होते आणि पिंपात फक्त बर्फाची एक वडी तरंगत होती. हंडा जागच्या जागी होता. भिंत होती, छप्पर होतं, आम्ही सगळे होतो. मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही. काय ओरडले ते आठवत नाही.

सरांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. तिच्यात ओले झेंडू होते. त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते मेस्त्रींकडे वळले. "किती वेळा सांगायचं? यंत्रात फुलं टाकायची नाहीत! माणसं मेली असती आज!"

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. टाकीत फुलं आपण टाकलेली नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. मग कुणी टाकली, तेही बहुधा त्यांनी त्या एका नजरेत ओळखलं. तरी ते बोलले नाहीत. खाली मान घालून उभे राहिले. काल मी त्यांचे टिळे पुसले होते, आणि आज त्यांनी मला वाचवायला तोंड मिटून घेतलं होतं. एवढं मोठेपण मला सोसेना.

"मेस्त्रींनी नाही," मी म्हणाले. "मी टाकली. आईने दिली होती. काल, सगळे खाली असताना."

मी वहीकडे हात केला. म्हटलं, द्या, लिहिते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कार्बॉलिकमुळे आलं असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं.

सर खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी गुडघा चोळला. "बर्फ कुणी आणवला?" त्यांनी विचारलं.

"मी."

"हंडा कमी भरायचा कुणी सांगितलं?"

"मी."

"मोरी थांबल्याचं मला कळलं नाही. याला पण नाही." त्यांनी बेळगावकराकडे बोट केलं. त्याने मुकाट मान हलवली. "ही राळ गेली. ती पुरून टाका. टाकी धुवा. परवा पुन्हा हंडा लावायचा, आणि तो तूच लावायचास. हंडा कुठे बिघडतो हे ज्याला स्वतःच्या चुकीने कळलंय, त्याला सोडून मी दुसऱ्याला कशाला उभं करू?"

मी सरांच्या पाया पडले. मग मेस्त्रींकडे गेले आणि त्यांची माफी मागितली. ते "अय्यो, बिडी अक्का" म्हणाले, जाऊ द्या म्हणून, आणि तोरणाची वाकडी झालेली तार माझ्या हातातून घेऊन खिशात ठेवली. बेळगावकराने फोड आलेल्या हाताने बन्नीची पानं पुढे केली. आपल्याकडे आपटा, तसं इकडे दसऱ्याचं सोनं म्हणून बन्नी वाटतात. "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण," तो म्हणाला. सोनं घेऊ आणि सोन्यासारखे राहू. चौघांनी एकमेकांना पानं दिली, कार्बॉलिकच्या वासात.

घरी आईला सगळं सांगितलं, माशांचा बर्फ सोडून. मला वाटलं ती हळहळेल. तिने ऐकून घेतलं, स्वयंपाकघरात गेली, कॉफीचं पितळी फिल्टर रिकामं केलं आणि त्याचं वरचं, तळाला बारीक भोकं असलेलं भांडं माझ्या हातात दिलं. "हे नळीच्या तोंडाला लाव. पूजा करायचीच, पण गाळून." पुढचे आठ दिवस आम्ही फडक्यातून गाळलेली कॉफी प्यालो आणि मी तिला एकदाही नावं ठेवली नाहीत.

मेस्त्रींनी ते भांडं टाकीत नळीवर झाळून बसवलं. तिसऱ्या दिवशी हंडा लावला. पाण्याची धार सकाळपासून दुपारपर्यंत एका सुरात पडत राहिली. राळ ताटांत ओतली, गार झाली. मी एक तुकडा मोडला. तो काचेसारखा टणकन मोडला आणि आतून मधाच्या रंगाचा निघाला. कारखान्याचा माणूस येऊन तो उजेडात धरून बघत राहिला, आणि जाताना म्हणाला, पुढची राळ कधी? सर म्हणाले, "ते बाईंना विचारा." त्या संध्याकाळी मी वहीचं पान काढलं. उजवीकडे वर, त्या रकान्यात, माझं नाव लिहिलं.

पुढच्या वर्षी नवमीला मी आईला प्रयोगशाळेत घेऊन गेले. मेस्त्रींनी हंड्याला टिळा लावला, तबकडी सोडून, भांड्याच्या पोटावर. आईने टाकीला बाहेरून हळद-कुंकू वाहिलं आणि आपलं फिल्टर बघून समाधानाने मान डोलावली. मग हत्यारांबरोबर चौरंगावर ठेवलेली वही तिने उघडली. आईला इंग्रजी वाचता येत नसे.

"यात तुझं नाव कुठे आहे?" तिने विचारलं.

मी बोट ठेवलं. तिने माझं बोट बाजूला केलं, ओलं कुंकू घेतलं आणि त्या नावावर टिळा लावला. शाई पसरली, अर्धं नाव दिसेनासं झालं. मेस्त्री आणि बेळगावकर श्वास रोखून माझ्याकडे बघत राहिले. फडकं माझ्या खांद्यावरच होतं.

तो टिळा मी पुसला नाही.